दुसऱ्याचं बोलणं, आपलं अक्षर

गेल्या वर्षी एका बँकेत पैसे काढायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं स्लिप पाहिली, संगणकाकडे पाहिलं, पुन्हा स्लिप पाहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, सही जुळत नाही." मी दुसरी केली. तीही जुळेना. तिसऱ्या वेळी तिनं पडदाच माझ्याकडे वळवला. त्यावर माझी वीस वर्षांपूर्वीची सही होती, ठसठशीत आणि डौलदार. "अशी करा," ती म्हणाली. मग मी, पन्नाशी उलटलेला, दोन कवितासंग्रह नावावर असलेला माणूस, बँकेच्या काउंटरवर उभा राहून स्वतःच्याच सहीचा कित्ता गिरवू लागलो.

घरी येताना हिशेब केला. शेवटचं पत्र हातानं कधी लिहिलं? आठवेना. कविता मोबाइलवर, निरोप मोबाइलवर, किराण्याची यादीसुद्धा मोबाइलवर. त्याच संध्याकाळी रावेरच्या बाजारातून दोनशे पानी वही आणि शाईचं पेन आणलं. पहिले आठ दिवस हात दुखला. अक्षर तर असं, की आमच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी पाहिलं असतं तर वही परत फेकली असती. पण नवव्या-दहाव्या दिवशी, पहाटे, 'ळ' काढताना हाताला एकदम जुनी ओळख पटली. तो वळला, गाठ मारून खाली आला आणि थांबला. त्या एका अक्षरानं जो आनंद झाला तो सांगायला संकोच वाटतो, इतका तो साधा होता. हा 'ळ' पुढं पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

लिहिण्याच्या सामानाची नावं एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. कागद, कलम, शाई, दौत, कित्ता, दफ्तर. सगळी फारसी-अरबीतून आलेली आणि आता इतकी मराठी झालेली, की त्यांना परकं म्हणणाऱ्यालाच परकं म्हणावं लागेल. शाई म्हणजे मूळची स्याही, काळी. चिटणीस आणि फडणीस यांच्यातला 'नीस' म्हणजे 'नवीस', लिहिणारा. माझ्या घरात बोलणं हिंदुस्थानी वळणाचं, शाळा मराठी. वडील लहानपणी लाकडी तख्तीवर मुलतानी माती फासून तिच्यावर उर्दू अक्षरं घोटत. आणि पेठेतल्या दुकानाचे मुनीमजी चोपडीत मोडी लिहीत. एक उजवीकडून डावीकडे, दुसरा डावीकडून उजवीकडे. पण दोघांच्या हातात तोच काळपट, पोकळ बोरू. टोकाचा काप तेवढा ज्याच्या त्याच्या लिपीप्रमाणे वेगळा.

कागदसुद्धा लांबून येत नव्हता. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात आपल्या खानदेशातल्या दोन गावांच्या नावापुढे देशी कागदाची नोंद आहे. एक एरंडोल आणि दुसरं यावल. यावल तर आमच्या शेजारचा तालुका! ती नोंदही 'एके काळी प्रसिद्ध' अशाच सुराची आहे, म्हणजे तेव्हाच हा धंदा उताराला लागला होता. महाराष्ट्रात कागद करणारे बहुधा मुसलमान, आडनाव कागदी. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव या धंद्याच्याच नावानं वसलेलं. तागाच्या जुन्या दोऱ्या, गोणपाट, चिंध्या चुन्यात भिजवायच्या, ढेकीखाली कुटायच्या, नदीवर धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. मग तो लगदा हौदात कालवून जाळीवर एकेक ताव उचलायचा आणि ओलाच भिंतीवर थापून वाळवायचा. वाळलेल्या तावाला खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडानं तो घोटायचा, नाहीतर बोरू अडखळतो आणि शाई फुटते. कागद घोटलेला आणि त्याच्यावरचं अक्षरही घोटलेलं. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हे सगळं बसलं. भाव परवडला नाही, एवढंच त्याचं कारण. त्यात रडण्यासारखं काही नाही, पण यावलच्या एसटीत बसलो की मला तो ओल्या तावांनी भरलेला भिंतींचा मोहल्ला दिसतो.

मोडीचं थोडं सांगतो. ही लिपी हेमाडपंतानं आणली अशी परंपरा आहे. फारसीच्या 'शिकस्ता' वळणाशीही तिचा संबंध काही जण लावतात, कारण शिकस्ता म्हणजे मोडलेलं आणि मोडीही मोडलेलीच. वाद अभ्यासकांनी घालावा. लिहिणाऱ्याला तिचं सुख वेगळंच होतं. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग त्या रेघेखाली अक्षरं टांगत जायचं, हात न उचलता. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली, सरकारी कामकाजातून मोडी हटत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाळेतूनही गेली. एका पिढीला आपल्या आज्याचं अक्षर वाचता येईना. मग २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांतले जुने रुमाल सुटले आणि मोडी वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. माणसाचं आजचं भवितव्य कुणा कारकुनानं शंभर वर्षांपूर्वी बोरूनं घाईत काढलेल्या एका शब्दावर अडून राहावं, हे पाहून मी आमच्या घरातली पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात पणजोबांनी घर घेतलं तेव्हाचा एक मोडी कागद होता. आमच्यापैकी कुणालाच तो वाचता येत नव्हता. जळगावच्या एका जाणकारांकडे तो घेऊन गेलो.

त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं एक छोटं चित्र होतं, नांगराचं. "ही सही," ते म्हणाले. घर विकणारा शेतकरी होता, त्याला लिहिता येत नव्हतं. जुन्या कागदांत अशा माणसापुढे लिहितात 'निशाणी नांगर'. बाईची असेल तर 'निशाणी बांगडी'. आणि त्याच्याजवळच कागद लिहिणाऱ्याचं नाव येतं, 'बिकलम' अमुक, म्हणजे अमुकच्या कलमानं. बोलणं एकाचं, अक्षर दुसऱ्याचं आणि दोघांचीही नोंद. हात उसना दिला तर तोही लिहून ठेवायचा, ही कागदाची रीत होती.

तेव्हापासून मी खानदेशातल्या हस्ताक्षरांकडे याच नजरेनं पाहू लागलो. आपल्याला वाटतं, हस्ताक्षर म्हणजे 'मी'. माझं वळण, माझी सही. पण आपल्या मुलखात लिहिणारा हात बहुतेक वेळा दुसऱ्यासाठीच चालला आहे.

धुळ्याला जा. तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी मठांतून गोळा केलेल्या पोथ्या आहेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून त्या जमवल्या. त्यांत समर्थांच्या हातची म्हणून जपलेली एक प्रत आहे, ती त्यांच्या स्वतःच्या ग्रंथाची नाही. ती आहे वाल्मीकी रामायणाची. एवढा मोठा कवी, पण बसून दुसऱ्या कवीचा ग्रंथ उतरून काढतो! आणि कसा उतरावा याचं शास्त्रही त्यांनी दासबोधात सांगून ठेवलं आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचाच. त्यात किती बारकावे! बोरू कुठले आणावेत, ओळी कशा आखाव्यात, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं कसं दिसावं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी आपल्यालाच वाचता येत नाही, हेही त्यात आहे. (माझ्या डाव्या खिशातला चष्मा याला साक्षी आहे.) मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. चारी बाजूंनी कोरी जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडत नाही.

याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला वारले. जन्मभर लोकांच्या माळ्यांवरचे, अडगळीतले कागद धुंडाळत फिरलेला माणूस. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं बावीस खंड निघाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं धुळ्यात संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांविषयी बोलायचं तर वेगळं भाषण लागेल.

मला सांगायची आहे ती गोष्टही धुळ्यातलीच, पण तुरुंगातली. साल १९३२. सविनय कायदेभंगातले सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात होते. त्यांत विनोबा होते, जमनालाल बजाज होते आणि अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत पडलेले साने गुरुजीही होते. कैद्यांनी आग्रह धरला आणि विनोबा दर रविवारी गीतेवर बोलू लागले. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारीला आणि शेवटचं १९ जूनला. मोजून पाहा, मधे एकही रविवार चुकलेला नाही. अठरा अध्याय, अठरा रविवार.

मी गीतेवर बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. (विनोबा मात्र पुढं अरबी शिकले आणि कुराणाचं सार काढलं, हे जाता जाता.) मी बोलतोय त्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाबद्दल. विनोबांच्या हातात लिहिलेलं काही नव्हतं, ते बोलत होते. आवाज धरून ठेवणारं यंत्र तुरुंगात कुठलं? साने गुरुजी ते भराभर लिहून घेत होते. लघुलिपीची चिन्हं नव्हेत, आपली साधी मराठी अक्षरं. बोलणारा तासाला किती शब्द बोलतो आणि लिहिणाऱ्याचा हात किती चालतो, हे ज्यानं एकदा तरी व्याख्यान उतरून घेतलं आहे त्याला माहीत आहे. बोटं आखडतात. एक वाक्य लिहून होतं तोवर पुढची दोन निघून जातात. मग लिहिणाऱ्याला बोलणाऱ्याच्या मनात शिरूनच बसावं लागतं, पुढचं पाऊल कुठं पडणार हे आधी ओळखावं लागतं. ते ज्याला जमतं त्यालाच टिपून घेणं जमतं. विनोबांनी नंतर ते नजरेखालून घातलं आणि 'गीताप्रवचने' हा ग्रंथ झाला. देशातल्या बहुतेक भाषांत तो गेला. तुरुंगातल्या त्या अठरा रविवारी गुरुजींचा हात थकला असता, तर यातलं किती उरलं असतं?

त्यांचा हात तयार होता, त्यालाही कारण आहे. अमळनेरला वसतिगृहात असताना गुरुजी मुलांसाठी एक दैनिक काढत. नाव 'छात्रालय'. छापलेलं नव्हे, हातानं लिहिलेलं. मुलं झोपल्यावर लिहायचं आणि सकाळी त्यांना वाचायला ठेवायचं. रोज! संपादक, लेखक, वार्ताहर आणि छापखाना, सगळं एकच माणूस. वाचक म्हणाल तर वसतिगृहातली पोरं. आज हजारो लोकांपर्यंत क्षणात पोचणारे आम्ही, त्या पोरांसाठी रात्र जागणाऱ्या माणसापुढे कसे उभे राहणार, कळत नाही. हा हात पुढं थांबलाच नाही. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला, गुरुवारी रात्री, त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे खाली ठेवली. दिवसा तुरुंगाचं काम, उरल्या वेळात लेखन. आधी दुसऱ्याचं बोलणं उतरवलं आणि मग स्वतःच्या आईचं.

आता माझी गोष्ट. ती फार लहान आहे, पण याच रांगेतली.

मी सातवीत होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहायच्या, केळीच्या बागांत मजुरीला जायच्या. त्यांचा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. महिन्यातून एकदा त्या पंधरा पैशांचं पोस्टकार्ड घेऊन आमच्या ओट्यावर येत. अम्मी त्यांना चहा देई आणि मी पाटावर बसून लिही. मावशींची बोली आमच्या या भागातली, तावडी. त्या सांगत, "लिही भाऊ, आठी समदं बरं आहे, तू कायजी करू नको." मी हुशार विद्यार्थी! मी लिही, 'इकडील सर्व क्षेम आहे. तू काळजी करू नये.' डोयाला मी डोळा करी, केयीला केळी करी. शुद्धलेखनाला दहापैकी दहा घेणारा मुलगा होतो, मावशींवर उपकारच करतो आहे असं मला वाटे.

दिवाळीला त्यांचा मुलगा आला. मला हाक मारून जवळ बसवलं, कारखान्यात उरलेल्या रंगीत दोऱ्यांचं एक रीळ दिलं आणि म्हणाला, "अक्षर तुझं लई चांगलं आहे रे. पण पत्र वाचलं की मले मास्तर बोलल्यासारखं वाटते. माह्या मायचा आवाज त्यात येत नाही."

चिडून बोलला असता तर मी विसरून गेलो असतो. तो हसून बोलला.

पुढच्या पोस्टकार्डावर मी 'काळजी' लिहिलं, मग तो 'ळ' खोडला आणि त्याच्यावर 'य' काढला. कायजी. लिहिताना हात थरथरला, परीक्षेत मुद्दाम चूक केल्यासारखा. मावशींना वाचता येत नव्हतं, त्यांना काय बदल झाला ते कळलंच नाही. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा मावशी ऐकू आल्या. त्या कुठं थांबतात, कुठला शब्द दोनदा म्हणतात, मुलाचं नाव घेण्याआधी श्वास कसा घेतात. वेगानं लिहिता येत नव्हतं म्हणूनच ते ऐकू आलं. मी आज कविता लिहितो त्याची सुरुवात कुठल्या पुस्तकात झाली नाही, त्या ओट्यावर झाली.

बहिणाबाईंची गाणी आम्हाला शाळेत होतीच, पण त्या पोस्टकार्डानंतर ती मला निराळी दिसू लागली. आसोद्याला १८८० साली जन्मलेली, जळगावच्या चौधरींच्या घरात दिलेली, तिशीत विधवा झालेली, अक्षरओळख नसलेली शेतकरी बाई. जात्यावर, शेतात, कामाच्या नादात त्या गात. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ ते जागच्या जागी टिपून ठेवत. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ला गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. ही हकिगत तुम्हाला माहीत आहे. २०१८पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, हेही माहीत आहे.

मी विचार करतो सोपानदेवांच्या हाताचा. ते स्वतः कवी होते, शिकलेले, प्रमाण मराठीत लिहिणारे. आईचं गाणं टिपताना त्यांच्या बोटांना किती वेळा मोह झाला असेल! एक 'ळ' सरळ करावा, एक 'कायले'चं 'कशाला' करावं, वृत्त जरा घासून घ्यावं. बाराव्या वर्षी मला तो मोह आवरला नव्हता. त्यांनी आवरला. म्हणून ती गाणी आज असोद्याच्या मातीच्या उच्चारात आपल्याकडे आहेत. त्यांतली कितीतरी कुणी न टिपल्यामुळे हवेत विरली असतील, याचंही दुःख आहे. शेतात प्रत्येक वेळी बरोबर पेन्सिल घेऊन कोण जातो?

मावशी आता नाहीत. गल्लीतल्या त्यांच्या वयाच्या बाया आज मोबाइल तोंडाजवळ धरतात आणि सुरतेच्या, भिवंडीच्या मुलांना थेट बोलून निरोप पाठवतात. त्यांना माझ्यासारखा लेखनिक लागत नाही. ते मला मनापासून बरं वाटतं. त्यांचा 'य' कुणी सुधारू शकत नाही. फक्त त्या निरोपाला जवळ ठेवता येत नाही, एवढं मात्र त्यांतल्याच एकीनं मला सांगितलं. "फोन बिघडला आणि पोराचा आवाज गेला, भाऊ," असं म्हणाली. तिला मी काय सांगणार? नातवाचं पहिलं अक्षर मात्र तिनं पिशवीत घडी घालून ठेवलं आहे. कागदावर वेडावाकडा 'ग' आहे.

माझी वही आता अर्धी भरली. हे भाषणही आधी तिच्यातच लिहिलं. रेडिओसाठी ते टाइप करून द्यावं लागलं ही गोष्ट वेगळी. बँकेतली सही सुधारली आहे, शंभरातली सत्तर तरी जुळते.

राहता राहिला पणजोबांचा कागद. जळगावच्या त्या गृहस्थांनी तो सगळा वाचून दाखवला. घराच्या चारी दिशा, मधली भिंत कुणाची, पाणी कुठून जाईल, किंमत किती, साक्षीला कोण. पणजोबांचं नाव मोडीत कसं दिसतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. मग ते शेवटच्या ओळीवर आले. कागद लिहिणाऱ्यानं समर्थांचं ऐकलं नव्हतं. दुसरा ताव घ्यावा लागू नये म्हणून त्यानं अगदी खालच्या कडेपर्यंत लिहीत नेलं होतं आणि स्वतःचं नाव सर्वांत शेवटी, कोपऱ्यात दाबून घातलं होतं. तो कोपरा कसरीनं खाल्ला आहे. नांगर शाबूत आहे. त्याच्याजवळ 'बिकलम' एवढंच वाचता येतं आणि पुढं भोक.

"अक्षर सुंदर आहे हो," ते गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "कुणाचं होतं कोण जाणे."